मायटर सॉचं लेझर: रेघ एकीकडे आणि काप दुसरीकडे का पडतो

लेझरची लाल रेघ बरोब्बर पेन्सिलच्या खुणेवर आणायची, हँडल खाली दाबायचं, आणि मग टेप लावून बघितलं तर तुकडा तीन मिलिमीटरने आखूड. मायटर सॉवर, म्हणजे हँडल खाली दाबून लाकूड आडवं किंवा तिरकं कापायच्या मशीनवर, काम करणाऱ्या बहुतेकांचं लेझरशी भांडण इथूनच सुरू होतं. मग कोणी म्हणतं लेझर खराब आहे, कोणी म्हणतं हे सगळं शोभेला दिलेलं असतं, आणि बरेच जण ते बंद करून टाकतात ते परत कधी चालूच करत नाहीत. पण बऱ्याचदा लेझरमध्ये काही बिघाड नसतोच. रेघ जिथे पडायला सेट केलीय तिथेच पडतेय, फक्त ती ब्लेडच्या डाव्या कडेला सेट आहे, उजव्या कडेला आहे की मधोमध, हे आपण कधी ठरवलेलंच नसतं.

आधी ब्लेडचं बघू. ब्लेड लाकडातून जाताना एक फट पाडत जातं, त्या फटीची रुंदी म्हणजे कर्फ. तेवढं लाकूड भुसा होऊन उडून जातं, ते ना या तुकड्यात राहतं ना त्या. जाड ब्लेडचा कर्फ साधारण ३.२ मिमी, म्हणजे एक सूत. पातळ ब्लेड, ज्याला थिन कर्फ म्हणतात, त्याचा साधारण २.४ मिमी. १० इंची किंवा १२ इंची ब्लेड हातात घेऊन नीट बघा, बऱ्याच ब्लेडवर २.४/१.८ किंवा ३.२/२.२ असे जोडीने आकडे छापलेले असतात. मोठा आकडा दातांची रुंदी, म्हणजे कर्फ, आणि छोटा आकडा मधल्या पत्र्याची, म्हणजे प्लेटची जाडी. दात प्लेटपेक्षा रुंद असतात म्हणून तर प्लेट फटीत घासत नाही. ३.२/२.२ वालं ब्लेड असेल तर दात दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिमी बाहेर आलेले, २.४/१.८ असेल तर ०.३ मिमी. हे दशांशातले आकडे आत्ता किरकोळ वाटतील, पण ब्लेड बदलल्यावर लेझर का हुकतं ते याच आकड्यांवरून कळतं.

ही फट हिशोबात धरली नाही तर काय होतं ते बघा. २ मीटरच्या फळीतून २०० मिमीचे १० तुकडे काढायचेत, कागदावर हिशोब अगदी चोख. पण १० तुकड्यांना ९ काप लागतात आणि ९ गुणिले ३.२ म्हणजे जवळपास २९ मिमी लाकूड भुशात जातं, म्हणजे एकेक तुकडा मोजून कापत गेलात तर शेवटचा तुकडा २०० ऐवजी १७१ चा निघतो. आणि जर सगळ्या खुणा आधीच एकामागोमाग मारून ठेवल्या आणि प्रत्येक खुणेच्या उजवीकडे काप घेतला, तर पहिला तुकडा बरोबर येतो आणि दुसऱ्यापासून पुढचा प्रत्येक ३.२ मिमी आखूड. इथे लेझर बिचारं काहीच करू शकत नाही. ते फक्त काप कुठे पडेल एवढं दाखवणार, कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठल्या बाजूचं लाकूड घालवायचं हे आपल्यालाच ठरवायला लागतं.

तुमच्या मशीनवर कुठलं लेझर आहे

हे आधी ओळखा, कारण काही लेझर सेट होतात आणि काही होतच नाहीत, आणि सेट न होणाऱ्याचा स्क्रू शोधत बसण्यात वेळ घालवणारे लोक भरपूर आहेत.

पहिलं म्हणजे वायसरसारखं गोल लेझर, जे ब्लेडच्या बाहेरच्या फ्लँजच्या (ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्यांपैकी बाहेरच्या चकतीच्या) जागी बसतं आणि ब्लेडबरोबर फिरतं. आत बटण सेल असतात आणि ब्लेड फिरायला लागलं की ते आपोआप चालू होतं. त्यातून खरं तर एक ठिपका निघतो, पण वायसर गरागरा फिरत असल्यामुळे तो आपल्याला रेघेसारखा दिसतो. याला ॲडजस्टमेंट नाही. रेघ ब्लेडच्या बाहेरच्या बाजूला, कापाच्या कडेपासून थोडी लांब पडते आणि तिथेच राहते. हे लांब असणं किती आहे ते एकदा मोजून ठेवलं की झालं. याचा वैताग एकच, ब्लेड फिरत असतानाच रेघ दिसते, म्हणजे लाकूड सरकवायचं ते फिरत्या ब्लेडशेजारी. मला हे अजिबात आवडत नाही. निदान हात ब्लेडपासून १५ सेंटीमीटर लांब राहील एवढं तरी बघाच, आणि तेवढी जागा मिळत नसेल तर क्लॅम्प लावा.

दुसरं म्हणजे मशीनच्या डोक्यावर (ब्लेड आणि मोटर असलेल्या, खाली-वर होणाऱ्या भागावर), मोटरच्या किंवा ब्लेडच्या मागे बसवलेलं लेझर. हे ब्लेड बंद असतानाही चालतं आणि याला बारीक ॲलन स्क्रू असतात. यात एक रेघवालं आणि दोन रेघांचं असे दोन प्रकार येतात, दोन रेघांचं असेल तर एक रेघ फटीच्या डाव्या कडेसाठी आणि एक उजव्या. हा लेख मुख्यतः याच प्रकाराबद्दल आहे.

आणि तिसरी शॅडो लाइट. ते लेझर नाहीच, ब्लेडच्या वर एक एलईडी असतो आणि तो ब्लेडचीच सावली लाकडावर पाडतो. डोकं खाली आणत गेलं की सावली स्वच्छ होत जाते आणि ती सावली म्हणजेच कर्फ, दोन्ही कडा एकदम दिसतात. ब्लेड पातळ टाकलं तर सावली पातळ, जाड टाकलं तर जाड. नवीन मशीन घेणार असाल आणि दोन्ही पर्याय समोर असतील तर मी डोळे झाकून सावलीवालं घेईन. भर उन्हात ती सावली फिकी पडते हे खरं, पण लाल लेझर तरी उन्हात कुठे धड दिसतं.

रेघ नाही, पातळ काच

लेझर सेट करताना लोक अडकतात ते यामुळे की ते फक्त टेबलावरची रेघ बघतात. लेझरच्या आत एक छोटी भिंग असते जी ठिपक्याला एका दिशेने पसरवते, त्यामुळे बाहेर पडणारा उजेड हा खरं तर उजेडाचा एक पातळ पडदा असतो. हवेत उभी धरलेली एक काच समजा. ती काच लाकडाला जिथे टेकते तिथे आपल्याला रेघ दिसते. आता ब्लेडसुद्धा एक उभी चकतीच. आपल्याला हवंय काय, तर उजेडाची ही काच ब्लेडच्या दातांच्या एका कडेला सगळीकडून चिकटून असावी, वर, खाली, पुढे, मागे, सगळीकडे. ती तीन तऱ्हांनी हुकू शकते.

एक, ती नुसती बाजूला सरकलेली असते. रेघ कापाला समांतर आहे पण २ मिमी डावीकडे. हे सगळ्यात सोपं.

दोन, ती तिरकी फिरलेली असते. म्हणजे फेन्सजवळ (लाकूड ज्या मागच्या उभ्या पट्टीला टेकवतो तिच्याजवळ) रेघ कापावर बरोबर आणि तुमच्या बाजूला येईपर्यंत ती सुटत जाते. अगदी ०.२ अंशाचा फरक असला तरी ३०० मिमी रुंद फळीवर तो १ मिमी होतो. अरुंद पट्ट्या कापणाऱ्याला हे कधी कळतच नाही, आणि मग एक दिवस रुंद फळी आली की लेझर ‘अचानक’ बिघडतं.

तीन, ती ओळंब्यात नसते, एका बाजूला कललेली असते. हे सगळ्यात छुपं. पातळ फळीवर लेझर बरोबर आणि जाड लाकडावर चूक असं होत असेल तर हेच दुखणं समजा. हिशोब करून बघू. समजा लेझरचं तोंड टेबलापासून २५० मिमी उंच आहे आणि ब्लेडच्या २० मिमी बाजूला बसवलंय, आणि टेबलावर रेघ बरोबर कापावर पडेल असं तिरकं करून सेट केलंय. मग ५० मिमी जाडीचं लाकूड ठेवलं की रेघ पडणार ती ५० मिमी उंचीवर, आणि तिथे ती कापापासून ४ मिमी बाजूला गेलेली असेल (२० ला ५० ने गुणा, २५० ने भागा). ४ मिमी म्हणजे कर्फपेक्षाही जास्त, म्हणजे खुणेच्या पार पलीकडे काप.

आता यातली गोची अशी की बऱ्याच मशीनवर लेझर बाजूला सरकवायची सोयच नसते, फक्त कलवायची असते. म्हणजे स्क्रू फिरवला की रेघ टेबलावर सरकताना दिसते आणि आपल्याला वाटतं आपण ती सरकवली, पण खरं तर आपण ती काच कलवलेली असते. अशा मशीनवर सगळ्या जाडीला बरोबर येणारी सेटिंग मिळत नाही. मग उपाय एकच, आपण ज्या जाडीचं लाकूड जास्त कापतो त्याच जाडीवर सेट करायचं. रोज १८-२० मिमीच्या फळ्या कापत असाल तर त्याच फळीवर सेट करा, रिकाम्या टेबलावर नको.

सेट करायच्या आधी

मशीनच गुण्यात नसेल तर लेझर सेट करून काही उपयोग नाही. प्लग काढा, बॅटरीवालं असेल तर बॅटरी काढा. ब्लेडवर राळ, डिंक चिकटलेला असेल तर साफ करा. मग गुण्या घेऊन ब्लेड टेबलाशी काटकोनात आहे का आणि फेन्सशी काटकोनात आहे का ते बघा. गुण्या प्लेटला टेकवायचा, दातांना नाही, दात बाहेर आलेले असतात त्यामुळे दातावर टेकला की माप खोटं येतं. गुण्यावर भरवसा नसेल तर एक रुंद फळी मधून कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेल्या कडा परत एकमेकींना टेकवा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला लावून बघा. मध्ये जी फट दिसेल ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे डोळ्याला लगेच दिसते.

नंतर कर्फ मोजा. ब्लेडवर छापलेला आकडा सुरुवातीला ठीक आहे पण प्रत्यक्ष फट त्याहून किंचित रुंद असते, कारण कुठलंही ब्लेड फिरताना थोडं तरी डुलतं, आणि ज्या ब्लेडला बऱ्याच वेळा धार लावून आणलीय त्याचे दात छापील आकड्यापेक्षा थोडे बारीक झालेले असू शकतात. व्हर्नियर असेल तर टाकाऊ लाकडात एक खाच पाडून तिच्यात घालून मोजा. नसेल तर एक मीटरची टाकाऊ पट्टी घ्या, तिचे ५ काप करून ६ तुकडे करा, सगळे तुकडे एका सरळ पट्टीला लावून एकमेकांना घट्ट टेकवा आणि एकूण लांबी मोजा. १००० ची ९८४ झाली तर १६ मिमी भुसा झाला, भागिले ५, कर्फ ३.२. टेपमध्ये अर्ध्या मिमीची चूक झाली तरी ती ५ ने भागली जाते, म्हणून ही युक्ती साध्या टेपनेही चालते.

आता सेटिंग

जुळवायचं ते ब्लेडशी नाही, ब्लेडने केलेल्या खाचेशी. उभ्या ब्लेडच्या दाताशी रेघ जुळवायला गेलं की एकतर दात चमकतो, उजेड उडतो, कडा कुठली तेच कळत नाही, आणि वर ते ब्लेड फिरताना किती डुलतं ते उभ्या ब्लेडवर दिसतच नाही. खाच मात्र खोटं बोलत नाही.

एमडीएफचा रुंदसा तुकडा घ्या, त्याच्या खाचेची कड एकदम स्वच्छ येते (मास्क घाला, त्याची धूळ फार बारीक असते). त्यावर फिकट रंगाची मास्किंग टेप आडवी चिकटवलीत तर अजून छान, लाल रेघ तिच्यावर ठळक दिसते आणि कड फाटत नाही. तुकडा फेन्सला टेकवून क्लॅम्पने घट्ट आवळा, कारण आता यापुढे तो केसभरही हलता कामा नये. मशीन चालू करून तीन-चार मिमी खोल खाच घ्या, आरपार नाही. डेप्थ स्टॉप (ब्लेड ठरावीक खोलीवर अडवणारा) असेल तर तो लावा. स्लाइडिंग मशीन (डोकं पुढे-मागे सरकणारं) असेल तर पूर्ण रुंदीभर खाच घ्या. मग ट्रिगर सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि मगच डोकं वर घ्या, फिरत्या ब्लेडने डोकं उचललं की खाचेची कड खरवडली जाते आणि आपण मोजायला बसलोय नेमकी तीच कड.

आता लेझर चालू करा. इथे एक काळजीची गोष्ट आहे, विजेवर चालणाऱ्या बऱ्याच मशीनला लेझर लावायचं तर प्लग लावलेलाच ठेवायला लागतो, म्हणजे आपण ब्लेडजवळ ॲलन की घेऊन काम करतोय आणि मशीनला करंट आहे. ट्रिगरला लॉक असेल तर तो लावा, ट्रिगरच्या आसपास कोणाचा हात जाणार नाही असं बघा, आणि डोकं वर असतानाच स्क्रूला हात घाला. लेझर स्वतः बऱ्याच मशीनवर क्लास २ चं असतं, म्हणजे १ मिलिवॅटपर्यंत, चुकून डोळ्यात गेलं तर आपण आपोआप पापणी मिटतो आणि तेवढ्यात काही होत नाही, पण मुद्दाम टक लावून बघायचं नाही आणि चकचकीत ब्लेडवरून उडणाऱ्या उजेडाकडेही नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ओळंबा, मग समांतर, आणि सगळ्यात शेवटी बाजूचं सरकवणं. उलट केलंत, म्हणजे बाजूचं सरकवणं आधी केलंत, तर बाकीच्या दोन सेटिंग करताना ते परत बिघडेल आणि तुम्ही गोल गोल फिरत बसाल. ओळंबा बघायला खाचेशेजारी, फेन्सला टेकवून एक उभा सरळ ठोकळा ठेवा, त्याच्या उभ्या बाजूवर गुण्याने टेबलाशी काटकोनात एक रेघ मारा आणि लेझरची रेघ त्या पेन्सिलच्या रेघेला समांतर वर चढते का ते बघा. तिरकी चढत असेल तर कल आहे. समांतर बघायला खाचेचं फेन्सजवळचं टोक आणि आपल्याजवळचं टोक, दोन्हीकडे रेघ कडेपासून सारख्याच अंतरावर हवी. लेझरची गोल डबी थोडी फिरवून हे जुळतं, काही मशीनवर समोरासमोर दोन स्क्रू असतात, एक सैल करायचा तेवढाच दुसरा आवळायचा. अर्धा अर्धा वेढा नका फिरवू, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढंच फिरवा आणि बघा. कुठला स्क्रू काय करतो हे मशीनगणिक वेगळं असतं त्यामुळे मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा.

हे सगळं डोकं पूर्ण वर असताना करायचं, कारण रोज खूण जुळवताना डोकं वरच असतं. नंतर एकदा डोकं हळूहळू खाली आणून बघा, रेघ जागची हलत नसेल तर काच आणि ब्लेड एका पातळीत आहेत. हलत असेल तर कल राहिलाय.

आणि मग तो मूळ प्रश्न, रेघ खाचेच्या कुठे ठेवायची. लेझरची रेघ काही केसासारखी बारीक नसते, लाकडावर ती सहज १ मिमी जाड दिसते. म्हणजे तिला स्वतःलाही डावी कड आणि उजवी कड आहे. मी एकच नियम पाळतो: जिथे उजेड तिथे भुसा. म्हणजे पूर्ण रेघ खाचेच्या आत, आणि तिची बाहेरची कड खाचेच्या कडेला नुसती टेकलेली. ठेवायचा तुकडा बहुतेक वेळा डाव्या हाताला असेल तर रेघ खाचेच्या डाव्या कडेला आतून टेकवा. मग काम करताना पेन्सिलची खूण उजेडाच्या डाव्या कडेला लागली की काप बरोब्बर खुणेच्या उजवीकडून जातो आणि खूण तुकड्यावर शिल्लक राहते. ठेवायचा तुकडा उजवीकडे आला तर मात्र तेवढ्या वेळेला कर्फएवढं लाकूड सरकवायला लागतं, त्यापेक्षा फळीच उलटीपालटी करून तो तुकडा डावीकडे आणा, सोपं पडतं.

रेघ खाचेच्या मधोमध ठेवायचा सल्लाही बरेच जण देतात. मला तो पटत नाही. मधोमध ठेवली की दोन्ही बाजूंना अर्धा कर्फ मनात धरायला लागतो, म्हणजे १.६ मिमी, आणि ते टेपवर धड वाचताही येत नाही. सगळ्यांना सारखंच थोडं थोडं चुकवण्यापेक्षा एका बाजूला पूर्ण बरोबर असलेलं बरं.

दोन रेघांच्या लेझरमध्ये हाच नियम लावायचा तर दोन्ही रेघा खाचेच्या आत, एक डावीकडे एक उजवीकडे. ३.२ च्या खाचेत १-१ मिमीच्या दोन रेघा बसल्या की मध्ये १.२ मिमी काळं राहतं, छान दिसतं. पण २.४ च्या खाचेत मध्ये फक्त ०.४ मिमी राहतं आणि दोन्ही रेघा एकमेकींत मिसळून एकच जाडी रेघ दिसते. तिथे उलटा नियम करा, दोन्ही रेघा खाचेच्या बाहेर, आतल्या कडा खाचेला टेकलेल्या, म्हणजे मधला काळा भाग तो काप. दोन्ही चालतं, पण एक ठरवा आणि मशीन दुसरंही कोणी वापरत असेल तर मशीनवर लिहून ठेवा.

झालं की स्क्रू आवळून परत एकदा बघा, आवळताना रेघ बहुतेक वेळा थोडी हलतेच. मग खरी परीक्षा: बारीक टोकाच्या पेन्सिलने गुण्या लावून रेघ मारा, लेझर जुळवा, आरपार कापा. पेन्सिलची रेघ तुकड्यावर शिल्लक राहिली आणि काप तिला लागूनच गेला तर झालं काम.

ब्लेड बदललं की काय होतं

इथे ते दशांशाचे आकडे येतात. ब्लेड आर्बरवर, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दांड्यावर, बसतं तेव्हा ते आतल्या, मोटरच्या बाजूच्या फ्लँजला टेकतं. ती फ्लँज हलत नाही. त्यामुळे ब्लेड जाड असो की पातळ, प्लेटची आतली बाजू नेहमी त्याच जागी येते, जाडीतला सगळा फरक बाहेरच्या बाजूला जातो. हिशोब करा. ३.२/२.२ च्या ब्लेडमध्ये आतल्या बाजूची दाताची कड फ्लँजच्या पातळीपेक्षा ०.५ मिमी आत, आणि बाहेरची कड २.२ अधिक ०.५, म्हणजे २.७ मिमी बाहेर. २.४/१.८ मध्ये आतली कड ०.३ मिमी आत आणि बाहेरची १.८ अधिक ०.३, म्हणजे २.१ मिमी बाहेर. म्हणजे ब्लेड बदलल्यावर मोटरच्या बाजूची कड सरकली फक्त ०.२ मिमी, आणि बाहेरची सरकली ०.६ मिमी, तिप्पट.

याचा अर्थ एकच रेघ असेल आणि तुम्ही दोन वेगवेगळी ब्लेड आलटून पालटून वापरत असाल तर रेघ मोटरच्या बाजूच्या कडेला सेट केलेली बरी. तिथला ०.२ मिमीचा फरक पेन्सिलच्या रेघेतच हरवून जातो, आणि ब्लेड बदललं म्हणून परत लेझर सेट करायची गरज पडत नाही. बाहेरच्या कडेला सेट केलेलं असेल तर ०.६ मिमी दिसतं, फ्रेमच्या जोडात तर नक्कीच दिसतं. म्हणजे इथे वरच्या डाव्या-उजव्याच्या सोयीशी थोडी ओढाताण होऊ शकते, तुमच्या मशीनची मोटर कुठल्या बाजूला आहे ते बघून ठरवा. एकच ब्लेड कायम वापरणाऱ्याने याचा विचारही करायची गरज नाही.

वायसरवाल्या फिरत्या लेझरची इथे गंमत आहे. ते ब्लेडच्या बाहेरच्या बाजूला टेकतं, त्यामुळे प्लेट पातळ झाली की ते पण तेवढंच आत सरकतं. रेघ आणि कापाची बाहेरची कड यातलं अंतर बदलतं ते फक्त दात प्लेटच्या किती बाहेर आहेत तेवढ्याने, म्हणजे परत ०.२ मिमीच. ॲडजस्टमेंट नसलेलं हे लेझर ब्लेड बदलताना मात्र त्रास देत नाही.

ब्लेड बदलताना आतली फ्लँज पुसायला विसरू नका. तिथे भुशाचा एक कण अडकला तरी ब्लेड तिरकं बसतं, डुलतं, फट रुंद होते आणि मग दोष लेझरला. आणि बहुतेक मायटर सॉच्या बोल्टला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो, जोर लावून उलट्या दिशेने आवळत बसू नका.

तिरके काप

टेबल ४५ ला फिरवून काप घेतला तर फळीच्या कडेवर मोजलेली फट ३.२ राहत नाही, ती ४.५ होते, कारण ब्लेड फळीला तिरकं ओलांडतं. पातळ ब्लेडची ३.४. लेझर डोक्याबरोबर फिरतं त्यामुळे रेघ बरोबरच राहते, फक्त कर्फचा हिशोब कडेवर मनात करत असाल तर तो बदलतो. डोकं कलवून बेव्हल घेतला तर फळीच्या वरच्या बाजूला फट अशीच रुंदावते. तिथे लेझरचं खरं रूप कळतं: डोक्याला पक्कं बसवलेलं आणि ब्लेडच्या पातळीत असलेलं लेझर बेव्हललाही बरोबर येतं, पण ज्याला आधीच कल आहे ते बेव्हलला भलतीकडेच दाखवतं, आणि जे लेझर न कलणाऱ्या भागावर बसवलंय ते तर शून्य बेव्हलच्या पलीकडे बघायचंच नाही.

रोजच्या वापरात

सगळं नीट जमलं तरी लेझरकडून अर्ध्या मिमीपेक्षा जास्त अचूकपणा मागू नका. रफ काप, फ्रेमिंग, लांबच लांब फळ्यांचे तुकडे यांना ते झकास आहे, वेळ वाचतो. जोड बसवायचा असेल तर मी लेझर बघतो ते फक्त जवळपास आणायला, आणि मग ट्रिगरवरून बोट काढून बंद ब्लेड हळूच खाली आणून दात खुणेला टेकवतो. त्यातही एक बारकी गोष्ट: बऱ्याच ब्लेडचे दात एक डावीकडे एक उजवीकडे असे आळीपाळीने तिरके घासलेले असतात, त्यामुळे कुठलाही दात टेकवून चालत नाही, ज्या बाजूचा तुकडा ठेवायचा त्या बाजूला ज्याचं टोक आहे तोच दात खुणेवर यायला हवा. ब्लेड हाताने थोडं फिरवून तो दात खाली आणायचा, अर्थातच प्लग काढून. आणि एकाच मापाचे बरेच तुकडे असतील तर खूणही नको आणि लेझरही नको, स्टॉप ब्लॉक (फळीचं टोक टेकवायला पक्का बसवलेला ठोकळा) लावा.

फेन्सवर पातळ पट्टी चिकटवून तिच्यात एकदा काप घेतला तर तीही कायमचा लेझर आहे, फटीच्या दोन्ही कडा डोळ्यासमोर. फक्त जाड ब्लेडने ती फट रुंदावली की पातळ ब्लेडला ती खोटी ठरते, त्यामुळे ब्लेडगणिक पट्टी बदलायची.

रेघ जाड, फुटकी, धुरकट दिसायला लागली की सेटिंगला हात लावायच्या आधी लेझरची काच बघा. दहातल्या नऊ वेळा तिथे भुसा बसलेला असतो. मऊ ब्रशने किंवा कापसाच्या काडीने पुसा, थिनर नको, भिंग प्लास्टिकची असेल तर ती कायमची पांढरी पडते. मशीनच्या थरथरीने स्क्रू सैल होतात, त्यामुळे मशीन उचलून दुसरीकडे नेलं किंवा नवीन ब्लेड टाकलं की एक खाच घेऊन रेघ बघायची, दोन मिनिटांचं काम आहे. आणि दोन-तीन ब्लेड असतील तर प्रत्येकाच्या डब्यावर मार्करने त्याचा मोजलेला कर्फ आणि ते ब्लेड लावल्यावर रेघ कापाच्या कडेपासून किती आणि कुठल्या बाजूला पडते ते लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी ॲलन की शोधायला नको.